मिरच्यांच्या अंगणातून पळालेलं पोर

आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. हे सांगताना मी आवाज खाली आणत नाही. वडील सातवीपर्यंत शिकलेले, आई सहीपुरती, आणि वडिलांची थोरली बहीण, म्हणजे आमची आत्या, चौथीतून उठवलेली. का उठवली, तर घरात धाकटा भाऊ रांगायला लागला होता आणि त्याच्यामागे धावायला कोणीतरी हवं होतं. तो धाकटा भाऊ म्हणजे माझे वडील. त्यामुळे आत्याचा शब्द आमच्या घरात वडील कधी ओलांडत नसत. तिचं सासर गावातच, दोन आळ्या सोडून; दिवसातून एक चक्कर आमच्याकडे ठरलेली. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं आत्याच्या हातात होतं.

घर जूचंद्रला. मागे भाताची शेतं, त्यापुढे मिठागरं, त्यापुढे खाडी. आमच्या बोलीत ण नाही. पाण्याला आम्ही पानी म्हणतो, कोणाला कोन. वसईच्या कॉलेजात गेल्यावर मी ण शिकले, चांगला घोटून शिकले, आणि मग इंग्रजी घेऊन बी.ए.ला बसले. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. शेजारचे वडिलांना विचारत, "पोरगी इंग्रजी घेऊन काय करनार?" वडील सांगत, "इंग्रजी बोलेल." त्यांच्या दृष्टीने तेवढं उत्तर पुरेसं होतं.

तिसऱ्या वर्षाला अमेरिकन साहित्याचा पेपर होता आणि त्यात एक भाग एकोणिसाव्या शतकातल्या मुलांच्या पुस्तकांचा. मुलांच्या म्हणजे खरोखर मुलग्यांच्या. शिकवायला ज्या मॅडम होत्या त्या भुईगावच्या ख्रिस्ती घरातल्या. वर्गात कडक इंग्रजी आणि वर्गाबाहेर "काय गे बाय, जेवलीस का?" त्यांनी पहिल्याच तासाला सांगितलं की या पुस्तकांमध्ये मुलगा घराबाहेर पडला की गोष्ट सुरू होते, आणि मुलगी घरात परत आली की गोष्ट संपते. मुलाने खोड्या केल्या तर त्याच्यात पाणी आहे म्हणायचं. मुलगी झाडावर चढली तर शेवटच्या पानापर्यंत तिला आजारी तरी पाडायचं, नाहीतर शहाणी करून हातात शिवण तरी द्यायचं. आम्ही ते सगळं लिहून घेतलं. परीक्षेला येणार होतं म्हणून लिहून घेतलं, खरं सांगायचं तर.

मग मॅडमनी विचारलं, तुमच्याकडे बाईचं काम कोणतं आणि पुरुषाचं कोणतं, सांगा बघू. मी उभी राहिले आणि म्हटलं, आमच्या गावात पुरुष रांगोळी काढतात. वर्ग हसला. मला कळेना काय झालं ते. आमच्याकडे मिशाळ माणसं शाळेच्या हॉलमध्ये पालथी पडून माणसांचे चेहरे रांगोळीत काढतात, डोळ्यातलं पाणीसुद्धा काढतात, आणि लांबून लोक बघायला येतात. त्यात हसण्यासारखं काय? मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "आणि दारातली रांगोळी?" मी म्हटलं, "ती आई काढते." "ती बघायला कोण येतं?" मी खाली बसले. तेवढ्यावरून मला तो सगळा भाग समजला, पुस्तक न वाचताच.

आता खरी गोष्ट. त्याच वर्षी आत्याने माझ्यासाठी स्थळ आणलं. विरारच्या पुढचं गाव, मुलगा कंपनीत कायम, घरचं घर, माणसं सरळ. मुलगा चांगला होता, हे मी आजही म्हणते. त्यांचं म्हणणं एवढंच की लग्न मे महिन्यात उरकू. शिकायचं असेल तर नंतर शिकू दे. आणि इकडे मॅडमनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "बाय, तू एम.ए. कर. मुंबईला हॉस्टेल मिळेल, मी बघते." म्हणजे मेमध्ये लग्न, नाहीतर जूनमध्ये हॉस्टेल. आमच्या गावातली मुलगी तोवर लग्न झाल्याशिवाय घराबाहेर झोपलेली नव्हती, मावशीचं घर सोडून. वडील म्हणाले, "आई सांगेल तसं." आई म्हणाली, "ताई सांगतील तसं." आणि आत्या म्हणाली, "मिरच्या होऊ देत. मंग बगू."

मिरच्या होऊ देत म्हणजे वर्षाचा मसाला होऊ दे. एप्रिलमध्ये आमच्याकडे दुसरं काही सुचत नाही. मिरच्या आणायच्या, अंगणात चादरींवर वाळवायच्या, मग सगळ्या बायांनी मिळून एकेका घरच्या मिरच्यांची देठं काढायची, मग मसाला भाजून डंकावर कुटायला न्यायचा. आज हिच्या अंगणात, उद्या तिच्या. तळव्याला खोबरेल चोळून बसायचं, शिंकायचं, खोकायचं, आणि बोलायचं. त्यात माझी परीक्षा तोंडावर. मी माळ्यावर टिपणं घेऊन बसले तर आई खालून म्हणाली, "शेजारच्या बाया तुझ्या घरच्या मिरच्या करतायत आनि तू वर बसून र्‍हाशील? मला तोंड दाखवायला जागा ठेव गो."

"आई, परीक्षा आहे."

"मंग तोंडानं अभ्यास कर. हात हितं दे."

तिने फार विचार करून म्हटलं नव्हतं ते. पण मी खाली आले, तळव्याला तेल लावलं, आणि जे पुस्तक अभ्यासाला होतं त्याची गोष्ट सांगायला लागले. विचार केला, आपल्या भाषेत सांगितली तर डोक्यात तरी बसेल. बाया पाच-सहा होत्या. आई, आत्या, समोरच्या घरातल्या काकू, त्यांची सून, आणखी एक-दोघी येऊनजाऊन.

सुरुवात मी अशी केली: "एक पोर होतं. अनाथ. मामाच्या घरी राहायचं."

"कोनाचं पोर?" काकूंनी लगेच विचारलं.

"म्हणजे, आईबाप मेलेले. अमेरिकेतलं."

"बिचारं," काकू म्हणाल्या आणि मिरच्यांचा मोठा ढीग पुढ्यात ओढला. आमच्याकडे गोष्ट आवडली की बाया जास्त काम पुढ्यात घेतात.

मामा कडक होता. मोठी सफरचंदांची बाग, पण पोराला एक फळ मिळायचं नाही. रोज जेवायच्या आधी धर्माचं पुस्तक वाचायचा आणि मग पोराने काय चुका केल्या ते मोजायचा. एवढं सांगितलं आणि आत्याने हात वर केला.

"मामा नाय तो."

"मामाच आहे, आत्या. पुस्तकात आहे."

"पुस्तकात काय शब्द हाय?"

मी शब्द सांगितला. तो शब्द मामालाही चालतो, काकालाही चालतो, मावशीच्या नवऱ्यालासुद्धा चालतो, हेही सांगावं लागलं.

"मंग चुलता आसंल," आत्या म्हणाली. "मामा आसा नसतो. फळं खाऊ देत नाय, आनि मामा म्हने!" सगळ्या हसल्या. मामाचा चुलता झाला, आणि त्याची मुलगी, जी पुस्तकात त्या पोराच्याच वयाची होती, ती चुलतबहीण झाली. मॅडमना हे कळलं असतं तर काय म्हणाल्या असत्या कोण जाणे. मला मात्र ते पटलं होतं. मामा असा नसतोच.

पुढच्या दुपारी काकूंच्या अंगणात मी ते पोर पळवलं. हिवाळ्याची पहाट. चुलतबहिणीने खिडकीची कडी काढून दिली, आणि पोर गोठलेल्या तलावावरून चालत निघालं. तलाव कसा गोठतो ते सांगताना माझी दमछाक झाली. शेवटी सुनेने म्हटलं, "मासळीवाल्याची बर्फाची लादी आसते ना, तशी. पन गावायेवढी." मी म्हटलं, "हां, आणि दिसायला आपल्या मिठागरासारखी. सगळं पांढरं." मग सगळ्यांना दिसलं. चैत्राच्या उन्हात मिठागर कसं डोळे दुखवतं ते तिथे प्रत्येकीला माहीत होतं. आत्याने विचारलं, "पाय?"

"बूट होते."

"कोनाचे?"

"असतील चुलत्याचे," मी आपलं सांगून टाकलं.

"शानं हाय पोर," आत्या म्हणाली.

तलावापलीकडे जंगल, आणि जंगलात लाकूडतोड्यांची छावणी. तिथल्या आचाऱ्याने पोराला हाताखाली घेतलं, राहायला जागा दिली. एवढं सांगितलं आणि अंगणातले सगळे हात थांबले. देठ मोडल्याचा कट्-कट् आवाज चालू असतो तो बंद झाला.

"सगळे बाप्येच होते?" आईने विचारलं.

"हो. लाकूडतोडे."

"आनि ह्ये एकलं?"

"हो."

"आचारी कसा होता?" काकू.

"म्हातारा होता. दयाळू होता."

"म्हातारे काय कमी नसतात," आत्या म्हणाली, आणि सून खाली बघून हसली, पण तिचंही हसू पुरतं फुटलं नाही.

मला नवल वाटलं. पुस्तकात त्या प्रकरणात भीती होती ती कुऱ्हाडीची, पडणाऱ्या झाडांची, नदीला येणाऱ्या पुराची. ती मी सगळी रंगवून सांगितली. पण बायांना पुराचं काहीच वाटलं नाही. पूर आमच्याकडे दरवर्षी येतो. त्या परत परत आचाऱ्यावर येत होत्या. पोर झोपतं कुठे? दाराला कडी आहे का? मी सांगितलं, भट्टीजवळ झोपतं, आचारी ओट्यावर झोपतो. आईने विचारलं, "पाठ करून ना?" आता पुस्तकात आचाऱ्याची पाठ कुठे असणार! मी म्हटलं, "हो, पाठ करून." मग कट्-कट् पुन्हा सुरू झाली.

त्यानंतरच्या दुपारी पोर तापाने फणफणलं. जंगलातल्या झोपडीत, थंडीत, त्याला आई आठवते. मी एवढं बरं सांगितलं की काकूंच्या डोळ्यात पाणी आलं. आणि मिरच्यांच्या हाताने डोळे पुसता येत नाहीत. सून उठली, तिने आपल्या पदराने सासूचे डोळे पुसले. आत्या म्हणाली, "मिरची लागली तिला." काकू म्हणाल्या, "तुला कधी लागनार, दगडे?" आणि आत्याने नाकाने जोरात श्वास ओढला.

गोष्ट आता गावभर झाली होती. नळावर मला बायका थांबवून विचारत, "पोर वाचलं का गो?" मी फार खूश होते. कॉलेजातल्या कुठल्याही बक्षिसाने मला तेवढं खूश केलेलं नाही.

आमच्या घरच्या मिरच्यांचा शेवटचा ढीग राहिला त्या दिवशी मी लायब्ररीतून ते पुस्तक घरी आणलं होतं. तोवर मी टिपणांवरून सांगत होते. पुस्तकात चित्रं होती. म्हटलं, दाखवू या. हात तिखटाचे म्हणून मीच लांब धरून पान उघडलं. बर्फावर उभा असलेला एक मुलगा, टोपी घातलेला, विजार बुटात खोचलेली, दोन्ही हात खिशात.

"ह्यो कोन?" आत्याने विचारलं.

"हेच ते पोर."

आत्याने पुस्तकाजवळ मान नेली. मग माझ्याकडे बघितलं. "ह्यो पोरगा हाय?"

"हो."

"आनि पोर?"

"हेच पोर, आत्या. पोरगाच होता ना तो."

मग काकू म्हणाल्या, "पोरगा?" आणि आई म्हणाली, "आगं बाई." आणि सून पदर तोंडात घालून जी हसायला लागली ती थांबेना.

त्या सगळ्यांनी इतके दिवस मुलगी ऐकली होती. मी पोर म्हटलं, पोर गेलं म्हटलं, पोराला ताप आला म्हटलं. आणि पोर हा शब्द आमच्याकडे मुलालाही चालतो, मुलीलाही. इंग्रजीत पहिल्या ओळीतच तो की ती ते ठरून जातं. मी कधी ठरवलंच नव्हतं. मला ठाऊक होतं, त्यामुळे सांगायचं सुचलं नाही. आणि त्या बायांनी ती रिकामी जागा स्वतःच भरली. चुलत्याकडे राहणारी, फळ न मिळणारी, चुका मोजून घेणारी. अशी ती मुलगीच असणार, हे त्यांना विचारण्याचीसुद्धा गरज वाटली नव्हती.

आत्या भडकली. "मंग त्यात काय झालं येवढं? पोरगा पळाला तर पळाला! माझा मधला तीनदा पळाला. दर खेपेला मनवेलपाड्याला मावशीकडं गावला, वडे खाताना. त्याच्यावर कोनी पुस्तक लिवलं?"

"माझ्या डोळ्यातलं पानी परत दे गो आधी," काकू म्हणाल्या.

"आनि आचाऱ्यापायी मी रातभर झोपले नाय!" आई म्हणाली. ती खरंच झोपली नव्हती, वडिलांनी नंतर सांगितलं.

मी त्यांना समजवायला गेले. म्हटलं, हेच तर आम्हाला शिकवतात. त्या काळी तिकडे असंच होतं. पळायचं ते मुलाने, आणि पळाला की तो धीट. मुलीने खिडकी उघडून द्यायची. आत्याने लगेच विचारलं, "ती चुलतबहीन? तिचं काय झालं मंग?"

"तिचं पुस्तकात पुढे काही नाही. एकदा येते शेवटी. त्याचा कोट शिवून ठेवलेला असतो तिने."

"बस?"

"बस."

आत्याने मूठभर मिरच्या चादरीवर टाकल्या. "ठेव ते पुस्तक बाजूला. आपलं पोर पुढं ने."

"म्हणजे?"

"म्हंजे आपली पोरगी. ती झोपडीत तापानं पडलीय. तिला तशीच ठेवनार हाय का तू? वाचली का नाय ती?"

"वाचली."

"मंग?"

मी सांगितलं की पुस्तकात असं आहे: सफरचंदं पिकायच्या दिवसांत तो घरी परततो. चुलता बागेत असतो. तो काहीच विचारत नाही. शिडी उचलून त्याच्या हातात देतो, आणि दोघं फळं उतरवायला लागतात. मॅडमनी याला चांगला शेवट म्हटलं होतं. मुलगा आता पुरुष झाला, कामाला लागला.

"आनि हिला?" काकू म्हणाल्या. "हिला शिडी देतील? हिला आधी इचारतील, येवढे दिवस कुठं होतीस, कोनाजवळ होतीस."

"खरं हाय," आई हळू म्हणाली.

"त्याला नाय इचारलं?" आत्याने मला विचारलं.

"नाही. एक शब्दसुद्धा नाही."

"तोंडातून काय न काढता शिडी दिली?"

"हो."

आत्या पुन्हा देठं मोडायला लागली. तिच्या हाताचा वेग मला अजून दिसतो; मिरची उचलायची, अंगठ्याने देठ उडवायचं, मिरची टाकायची, नजर भलतीकडेच. ती चौथीत असताना तिला शाळेतून कोणत्या दिवशी उठवलं, हे तिने कधी सांगितलं नाही. आम्ही विचारलंही नव्हतं. त्या दिवशी मला एकदम वाटलं की त्या चुलतबहिणीसारखं हिलाही कोणीतरी एकदा खिडकीजवळ ठेवून पुढे निघून गेलं असेल. पण हे मी बोलले नाही, आणि तिला आवडलंही नसतं.

मग ती म्हणाली, "आपली पन परत येईल. आनि इचारायचं नाय कोनी."

"आसं कसं, ताई," आई म्हणाली, "आईबापाला काळजी आसते."

"काळजी कर. इचारू नको."

आईच्या पुढ्यातल्या मिरच्या संपल्या होत्या, तरी ती चादरीवर बोटं फिरवत होती. मग तिने विचारलं, "मंग पाठवायचं म्हनता?"

"कोनाला?" काकूंनी विचारलं.

"पोराला," आई म्हणाली.

माझं नाव कोणी घेतलं नाही, माझ्याकडे कोणी बघितलं नाही. मी पुस्तक मांडीवर घट्ट धरून बसले होते. माझं मे का जून, ते त्या चादरीवर ठरत होतं, आणि ते पुन्हा त्याच शब्दात ठरत होतं, ज्यात ती की तो काही कळत नाही.

आत्याने माझ्याकडे मान वळवली. "त्या पोराला बर्फ तुडवायला लागला. हिला कुठं बर्फ हाय?" आणि मला म्हणाली, "त्या हॉस्टेलला नळाला पानी हाय का, इचार आधी. आनि आचारी कसा हाय तो पन इचार."

सून पुन्हा हसायला लागली. मला हसावं की रडावं कळेना, आणि हात तिखटाचे. शेवटी सुनेनेच पदर पुढे केला.

स्थळाच्या माणसांकडे आत्या स्वतः गेली. दुसऱ्या कोणाला जाऊ दिलं नाही. तिने आणलेलं, तिनेच परत करायचं, असा तिचा हिशेब. संध्याकाळी परत आली, पाणी प्यायली, आणि ओट्यावर बसून म्हणाली, "सांगितलं, पोर पळालं म्हनून."

आईच्या हातातून पळी पडली. "ताई! आसं सांगितलंत?"

"शिकायला, म्हटलं. शिकायला पळालं. घाबरतेस काय?" मग थोड्या वेळाने, "चांगली मानसं हायत. म्हनाली, आमच्या धाकटीला पन पाठवायची हाय, तुमचं पोर काय करतं ते सांगा."

वडील हे सगळं दाराशी उभं राहून ऐकत होते. ते एवढंच म्हणाले, "हॉस्टेलला सामान न्यायला टेम्पो लागंल का?" टेम्पो लागणार नव्हता, माझी एक पेटी आणि एक गादी. पण त्यांनी तसं विचारलं, ही त्यांची परवानगी होती.

परीक्षेत त्या पुस्तकांमधल्या मुलगेपणावर प्रश्न आला. मॅडमनी शिकवलेलं मी लिहिलंच, पण शेवटी हेही लिहिलं की एकच गोष्ट 'तो' म्हणून सांगितली तर साहस होते आणि 'ती' म्हणून सांगितली तर घोर लागतो. आणि हे मी आमच्या अंगणात पाहिलं आहे. तपासणाऱ्याने ते वाचलं की नाही, माहीत नाही. पास चांगली झाले. मॅडमना सगळी हकीगत सांगितली तेव्हा त्या इतक्या हसल्या की त्यांना खुर्चीवर बसावं लागलं. मग डोळे पुसून म्हणाल्या, "तुझ्या आत्याला माझा नमस्कार सांग हां, बाय. आणि तो मामा नव्हता, काका होता, हे मला आधी का नाही सुचलं?"

जूनमध्ये गेले. नळाला पाणी होतं, सकाळी तेवढं. पेटीत त्या वर्षीच्या मसाल्याची बरणी होती, तोंडाला फडकं बांधून आईने दिलेली. हॉस्टेलची आमटी कशीही असो, त्यातली चिमूटभर टाकली की ती खाण्यासारखी व्हायची. खोलीतल्या इतर मुली विचारायच्या, हा मसाला कुठे मिळतो? मी सांगायचे, मिळत नाही, करावा लागतो. आणि करताना गोष्ट सांगावी लागते, हे मनात म्हणायचे.

पहिल्यांदा परत आले ती दिवाळीच्या तोंडावर. भात पिवळं होऊन आडवं व्हायला आलं होतं, कापणी सुरू होती. येते असं कळवलं नव्हतं. बांधावरून चालत आले तेव्हा सगळी माणसं शेतातच होती. वडील, आई, काकू, सून, आणि डोक्याला फडकं गुंडाळलेली आत्या. सगळ्यांनी मान वर केली. काकूंनी तोंड उघडलं. मला दिसलं, की त्यांच्या ओठांवर अख्खी यादी होती: जेवतेस काय, राहतेस कुनासंगं, वाळलीस का येवढी. आत्याने त्यांच्याकडे नुसतं बघितलं. काकूंनी तोंड मिटलं. त्यांना ते किती जड गेलं हे मी विसरणार नाही. आईने तर पाठच फिरवली आणि भाताची पेंढी उगाच परत परत बांधायला लागली.

आत्या कमरेवर हात ठेवून उठली. बांधावर पडलेला जास्तीचा विळा तिने उचलला, फडक्याने मूठ पुसली, आणि माझ्यासमोर धरला.

"शिडी नाय आपल्याकडं," ती म्हणाली. "घे."

मी ओढणी कमरेला खोचली आणि घेतला.